नव्या नगरीतलं पहिलं मरण

आमच्या नव्या नगरीचा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तो एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये, पनीरचा तुकडा टोचलेली काडी हातात धरून. रविवार होता. नवऱ्याने आमची दर रविवारची मिसळ चुकवून मला तिथं नेलं होतं, आणि हे मी त्याला अजूनही ऐकवते.

मी इंदिरानगरमधल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. नकाशा दिसला की मी आधी उत्तर दिशा शोधते, मग प्रमाण, मग सूची. या नकाशावर उत्तर दिशा नव्हती, प्रमाणही नव्हतं. सूचीच्या जागी हातात फुगा घेतलेली एक हसरी मुलगी होती. बाकी सगळीकडे हिरवा रंग. इतका हिरवा, की नाशिकची मे महिन्यातली जमीन पाहिलेल्या माणसाला खोकला यावा.

नकाशा समजावून सांगायला मुंबईहून एक नगररचनाकार आला होता. काळा बंद गळ्याचा शर्ट, गोल चष्मा, हातात हिरवा ठिपका पाडणारी ती बॅटरी. आडनावावरून आपलाच, पण मराठी बोलायला लागला की त्याला धाप लागायची.

"आपण इथे शहर नाही बांधत," तो म्हणाला, "आपण एक... व्हॉट्स द वर्ड... एक अनुभव बांधतोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात माझ्या नवऱ्याने.

नवऱ्याबद्दल सांगायला हवं. आम्ही एकाच कॉलेजातले, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही. त्याची सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात गेली. पाळ्या, भोंगे, तेलकट डबा, ऐकू न येणारा एक कान. निवृत्तीनंतर मोकळी हवा आणि शांतता हवी, एवढंच त्याचं मागणं होतं. चांगल्या माणसाचं मागणं साधं असलं की त्याला फसवणं फार सोपं जातं. तो त्या हॉलमध्ये एखाद्या भाविकासारखा बसला होता. मी हात वर करून विचारलं, "पाणी कुठून येणार?" रचनाकाराने हिरवा ठिपका एका निळ्या डागावर नेला आणि म्हणाला, "लेक." मी विचारलं, "म्हणजे धरण?" तो म्हणाला, "लेकफ्रंट." पुढचा प्रश्न विचारायच्या आत नवऱ्याने माझा पदर ओढला.

गंगापूर रोड संपतो, धरणाचा रस्ता लागतो, द्राक्षांचे मांडव लागतात, त्याच्याही पुढं ही नगरी उभी राहायची होती. नाव इंग्रजी होतं. ते मी लिहिणार नाही. लिहिताना हात थांबतो. द्राक्षांचा मुलूख म्हणून प्रत्येक इमारतीला युरोपातल्या द्राक्षांच्या गावाचं नाव दिलं होतं. आमच्या वाट्याला टस्कनी आली. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना मला जी लाज वाटायची ती मी पंचेचाळीस मुलांच्या वर्गासमोर पाय घसरून पडले तेव्हाही वाटली नव्हती.

आम्ही राहायला गेलो तेव्हा नगरीत आधी कळस उभा राहिला होता, पाया यायचा होता. कारंजं होतं, त्यात पाणी नव्हतं. घड्याळाचा मनोरा होता, त्यात घड्याळ बसायचं होतं, तोवर चार बाजूंनी चार गोल भोकं आकाशाकडे बघत असायची आणि पारवे त्यातून ये-जा करायचे. कुठून तरी ट्रकमधून आणलेली ताडासारखी परदेशी झाडं दुतर्फा लावली होती. पहिल्याच डिसेंबरात थंडीने ती तांबडी पडली. मग व्यवस्थापनाने त्यांना हिरवा रंग मारला. मी खोटं सांगत नाही. दोन माणसं शिडी लावून झाडांना रंग देत होती आणि खाली तिसरा शिडी धरून होता.

भिंतीच्या पलीकडे कोथिंबीर, मेथी, टोमॅटो, झेंडू. वाऱ्याबरोबर मेथीचा वास थेट आमच्या गॅलरीत यायचा, पण मेथीची जुडी मात्र यायची नाही. ती पहाटे टेम्पोत बसून नाशिकच्या बाजारात जायची, आणि दुपारी प्लास्टिकच्या पिशवीत, फोनवरून मागवली की, परत यायची. शेजारच्या मळ्यातली एक बाई काही दिवस फाटकाबाहेर टोपली घेऊन बसली. पहारेकऱ्याने तिला उठवलं. "साहेब म्हणतात व्ह्यू खराब होतो," तो म्हणाला. ती बाई टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "लय मोठी गावं बघितली, पण भाजीला भिणारं गाव नाय बघितलं."

मी हे घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सुरुवात आहे. हळूहळू होईल सगळं." हे वाक्य त्याने त्या दिवसांत इतक्यांदा म्हटलं, की पुढं मी ते त्याच्या आधीच म्हणून टाकायचे.

ज्यांना मी पुढं काका म्हणू लागले ते गृहस्थ आमच्यानंतर थोड्याच दिवसांत समोरच्या फ्लॅटमध्ये आले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते लिफ्टसमोर, इमारतीच्या नावाची पितळी पाटी वाचताना. ऐंशीच्या घरातले, किडकिडीत, पांढरा सदरा, पायात कोल्हापुरी.

"बाई, टस्कनी म्हणजे काय हो?"

"इटलीतला एक प्रांत आहे."

त्यांनी जरा विचार केला. "मग तिथं एखाद्या बिल्डिंगीला निफाड नाव असेल का?"

तिथंच आमची मैत्री झाली.

त्यांचं घराणं पंचवटीतलं, पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारं. काकांना ते कधी रुचलं नाही. भावांशी भांडून त्यांनी सरकारी कचेरीत कारकुनी धरली, तिथंही साहेबांशी भांडत भांडत निवृत्त झाले. बायको वारली. मुलगा कॅनडात. त्याने तिकडे बसून, पडद्यावर ती फुगेवाली मुलगी बघून, बापासाठी हा फ्लॅट घेतला. त्याच्या मनात खोट नव्हती. बापाला जुन्या घराचे तीन जिने चढायला नकोत, एवढाच हेतू. पण त्यामुळे जो माणूस घराबाहेर पाऊल टाकलं की दहाजणांशी भांडू शकत होता, तो अशा जागी येऊन पडला जिथं भांडायलाही कोणी नव्हतं. मग मी सापडले.

संध्याकाळी आम्ही त्या बिनघड्याळी मनोऱ्याखालच्या बाकावर बसायचो आणि मनसोक्त निंदा करायचो. काका निंदेत रसिक होते. रंगवलेल्या झाडांकडे बघून म्हणायचे, "यांना कलप लावलाय." व्यायामशाळेला नेणारी बॅटरीची गाडी गेली की म्हणायचे, "बघा, चालायला लागू नये म्हणून गाडी, आणि उतरून पट्ट्यावर चालणार." रहिवासी समितीचे अध्यक्ष एक निवृत्त अधिकारी होते, ते फिरायला निघाले की मागे हात बांधून निघायचे आणि प्रत्येक दिव्याच्या खांबाकडे त्याची बदली करायची असल्यासारखं बघायचे. काका त्यांना उठून नमस्कार करायचे आणि ते पुढं गेले की म्हणायचे, "या जातीला पेन्शन मिळते पण खुर्ची सुटत नाही. मी ओळखतो, आयुष्यभर यांच्या फायली वाहिल्यात."

एकच गोष्ट मला टोचायची. माझ्या नवऱ्यालाही ते सोडत नसत. तो दिसला की विचारायचे, "काय, भाविक, आज कुठल्या देवळाचं उद्घाटन?" कारण नवरा प्रत्येक समारंभाला जायचा. स्केटिंगच्या रिंगणाचं उद्घाटन, योगाच्या ओट्याचं उद्घाटन, कुत्र्यांच्या बागेचं उद्घाटन. तो हसून सोडून द्यायचा. पण एकदा घरी आल्यावर म्हणाला, "तुम्ही दोघं हुशार आहात, कबूल. पण मी आयुष्यात एकदाच काहीतरी मनापासून निवडलं. ते वाईट निघालं असेल, पण रोज संध्याकाळी कुणी त्याचं पोस्टमॉर्टेम करायची गरज नाही." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बाकावर गेलेच.

दुसरा टप्पा विकायला काढायचं ठरलं तेव्हा व्यवस्थापनाला आनंदी रहिवाशांची गरज भासली. समारंभ रविवारी, मुख्य फाटकाच्या आतल्या चौकात. मंडप, ढोल-ताशाचं पथक, नमुन्याचा फ्लॅट, ताज्या द्राक्षांचे ढीग. आम्हा जुन्या रहिवाशांना पिवळे टी-शर्ट वाटण्यात आले. पाठीवर लिहिलं होतं, 'मी इथे सुखी आहे'. काकांनी तो टी-शर्ट हातात उलटापालटा करून बघितला आणि पहारेकऱ्याला देऊन टाकला. "तू घाल बाबा. निदान तुला इथं पगार मिळतो."

माझा नवरा मंचावर आपला अनुभव सांगणार होता. व्यवस्थापकाने त्याची निवड केली होती. व्यवस्थापक म्हणजे तिशीतला, टायवाला, जिभेवर साखर ठेवून बोलणारा माणूस. नवऱ्याने आठवडाभर आरशासमोर भाषण घोटलं. 'सकाळी पक्ष्यांच्या आवाजाने जाग येते' असं एक वाक्य होतं. त्याचा एक कान गेलेला.

काका रोज सकाळी माझ्याकडे वर्तमानपत्र न्यायला यायचे. एकच पेपर दोन घरांत चालायचा, कारण दुसरा पेपर एवढ्या लांब टाकायला पोऱ्या तयार नव्हता. त्या रविवारी ते आले नाहीत. थोडी वाट बघून मी बेल वाजवली. त्यांची एक किल्ली माझ्याकडे असायची, ती लावून आत गेले. काका गॅलरीतल्या खुर्चीत बसलेले होते. पायात चपला. समोरच्या स्टुलावर चहाचा कप, वर बशी झाकलेली. मी हाक मारली. मग हाताला हात लावला, आणि मला कळलं.

मी नवऱ्याला बोलावलं. तो पिवळा टी-शर्ट घालून तयारच होता. आत येऊन त्याने काकांकडे पाहिलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्यांच्या पायातल्या चपला हळूच काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाला, "डॉक्टर लागेल."

आमच्या नगरीत 'वेलनेस' नावाची काचेची इमारत होती. तिथं त्या दिवशी पायांचा मसाज मोफत होता, डॉक्टर नव्हता. शेजारच्या गावातला डॉक्टर मोटरसायकलवर आला, तपासून कागद लिहून देऊन जाताना म्हणाला, "झोपेतल्यासारखं गेलेत. त्रास नाही झाला." मी कॅनडाला फोन लावला. मुलगा रडतच म्हणाला, "काकू, माझ्यासाठी ठेवू नका. त्यांना थांबायला आवडायचं नाही. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

योग्य काय ते मला माहीत होतं. पंचवटीतल्या अमरधाम स्मशानात न्यायचं. त्यांच्या चुलतभावांना कळवलं, तेही तिकडेच येतो म्हणाले. पण न्यायचं कसं? महापालिकेच्या शववाहिकेसाठी फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही हद्दीबाहेर. ग्रामपंचायतीला विचारा." ग्रामपंचायतीत फोन केला. तो गृहस्थ म्हणाला, "टाउनशिप अजून आमच्या ताब्यात आली नाय. तुमच्या ऑफिसला विचारा." आमच्या ऑफिसला विचारलं तर फोनवर आधी बासरी वाजली आणि मग एक मुलगी दुसऱ्या टप्प्याचे दर सांगू लागली.

मी भूगोलाची शिक्षिका. आयुष्यभर मुलांना सीमा शिकवल्या, गाव, तालुका, जिल्हा. आणि शेवटी राहायला आले ती अशा जमिनीवर, जी माणूस जिवंत असेपर्यंत सगळ्यांची होती आणि मेल्यावर कुणाचीच नाही.

अखेर नाशिकमधल्या एका धर्मादाय संस्थेच्या गाडीचा चालक येतो म्हणाला. मग दुसरा प्रश्न उभा राहिला. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावणार नव्हतं. इटालियन आरसा लावलेली लिफ्ट, पण तिच्यात माणूस फक्त उभाच मावायचा.

एवढ्यात व्यवस्थापक आणि समितीचे अध्यक्ष दोघं दारात येऊन उभे राहिले. बातमी त्यांना पहारेकऱ्याकडून कळली होती. अध्यक्षही पिवळ्या टी-शर्टमध्ये होते. पोट आणि 'सुखी' हा शब्द दोन्ही ताणले गेले होते.

"फार वाईट झालं," व्यवस्थापक म्हणाला. त्याने हात जोडले, डोळे मिटले, उघडले. "मॅडम, फक्त एक विनंती. आज बाहेर किती पाहुणे आलेत, तुम्ही बघताच आहात. आपण बॉडी संध्याकाळी हलवली तर? तोवर क्लबहाऊसच्या मागे एसी खोली आहे, तिथं ठेवू. अगदी आदराने."

"कुठली खोली?"

तो जरा अडखळला. "जिथं केटरिंगचं सामान असतं ना, ती."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. वाटलं, वयाने तरी लाज वाटेल. ते घसा साफ करून म्हणाले, "ताई, जरा प्रॅक्टिकल विचार करा. संध्याकाळ नको असेल तर मागच्या फाटकाने न्या. आपल्याच घरांच्या किमतीचा प्रश्न आहे. गेलेल्याला काय फरक पडतो?"

मागचं फाटक म्हणजे काँक्रीटच्या गाड्यांचा रस्ता. परवाच अवकाळी पाऊस झाला होता आणि तिथं गुडघ्याएवढा चिखल होता. एक डंपर चाकापर्यंत रुतून अजून तिथंच उभा होता.

"गेलेल्याला फरक पडत नाही," मी म्हटलं, "पण जे उरलेत त्यांची लायकी आज मला कळली. चिखलातून मी त्यांना नेणार नाही, आणि पनीरच्या शेजारी ठेवणार नाही. तुम्ही दोघं इथून निघा."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," अध्यक्ष म्हणाले.

"हो. तुम्हीही एकदा बोलून बघा."

ते गेले. वळून बघितलं तर नवराही नव्हता. जिन्यातून खाली जाणारा पिवळा टी-शर्ट मला दिसला. घड्याळ बघितलं, त्याच्या भाषणाची वेळ झाली होती. त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते सांगितलं तर लग्नाच्या इतक्या वर्षांचा अपमान होईल. तरी सांगते, मला त्याची किळस आली. वाटलं, काका म्हणायचे तेच खरं, भाविक तो भाविकच.

गाडी आली, पण मुख्य फाटकाबाहेरच अडवली गेली. चालकाचा फोन आला, "ताई, आत सोडत नाहीत. म्हणतात मागून जा." काकांना आम्ही आत पलंगावर निजवलं होतं, अंगावर त्यांचीच धुतलेली शाल पांघरली होती. खोलीत मी, गॅलरीतून येणारा ढोलांचा दणदणाट आणि ते.

ढोल थांबले. ध्वनिक्षेपकावर निवेदिकेचा आवाज आला, आता ऐकू या एका सुखी कुटुंबाचं मनोगत. मग थोडी खरखर. आणि नवऱ्याचा आवाज, तो कारखान्यात ओरडून बोलायची सवय झालेला, जरा जास्तच मोठा आवाज.

"नमस्कार. मी टस्कनीत राहतो. आमचे शेजारी आज सकाळी वारले. भले गृहस्थ होते. त्यांना न्यायला आलेली गाडी तुमच्या मागे फाटकाबाहेर अडवून ठेवलीय. कृपा करून उठा, खुर्च्या बाजूला घ्या आणि गाडीला वाट द्या. आणि चार माणसं मला वर हवी आहेत, जिन्याने खाली आणायला. लिफ्टमध्ये मावत नाही."

कोणीतरी माइक बंद केला. पण तोवर सगळं बोलून झालं होतं.

गॅलरीतून मला चौक दिसत होता. खुर्च्यांवरचे लोक मागे वळून फाटकाकडे बघू लागले. मग ढोल पथकातल्या एका मुलीने कमरेचा पट्टा सोडून ढोल खाली ठेवला आणि खुर्च्या उचलायला लागली. मग तिच्या पथकातले बाकीचे. फाटक उघडलं. ते उघडणारा पहारेकरी तोच, ज्याला काकांनी टी-शर्ट दिला होता. तो त्याने अंगात घातलेला होता.

पथकातली तीन मुलं आणि चालक नवऱ्याबरोबर वर आले. काकांना जिन्याने खाली आणताना नवरा डोक्याच्या बाजूला होता. वळणावर तो प्रत्येक वेळी म्हणत होता, "सावकाश. सावकाश घ्या." जिवंत माणसाला सांभाळावं तसं.

आम्ही दोघं बसलो आणि चौकातून गाडी निघाली. बरेच लोक उठून उभे राहिले, कुणी हात जोडले. पण मी माणसांबद्दल मत बदलायच्या बेतात असतानाच गाडीच्या काचेवर कोणीतरी टकटक केलं. छान साडीतली, हातात द्राक्षांची बशी घेतलेली एक बाई होती. मी काच खाली केली.

"वाईट वाटलं हो," ती म्हणाली. "यांचा फ्लॅट कुठला? पूर्वाभिमुख आहे का? आता रिकामा होईल ना?"

मी काच वर केली.

अमरधामात काकांचे चुलतभाऊ आधीच हजर होते आणि आपसांत भांडत होते. कोणी कुठं उभं राहायचं, अग्नी कोणी द्यायचा, मुलगा परदेशात असल्यावर हक्क कुठल्या शाखेचा. त्यातल्या सर्वांत थोरल्याने आमच्याकडे बघून विचारलं, "हे पिवळे कोण?" नवरा अजूनही त्याच टी-शर्टमध्ये होता. पाठीवरची अक्षरं वाचून दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवऱ्याच्या ते लक्षातच नव्हतं. मी माझी ओढणी काढून त्याच्या पाठीवर टाकली. मला थंडी वाजतेय असं वाटलं का तुला, असं त्याने विचारलं.

शेवटी मुलाने फोनवर सांगितलं, अग्नी शेजाऱ्यांनी द्यावा. भावांना ते मान्य नव्हतं, पण काकांनीही त्यांचं कधी काही मान्य केलं नव्हतं. नवऱ्याने अग्नी दिला. परतताना गाडीत तो म्हणाला, "मला त्यांचा राग यायचा. पण आज सकाळी चहावर ती बशी झाकलेली बघितली आणि... प्यायचा राहिला ना चहा." मी त्याचा हात धरून बसले. सकाळी त्याच्याबद्दल मनात जे आलं होतं, ते मी त्याला कधीच सांगितलं नाही.

दुसरा टप्पा त्याच आठवड्यात विकला गेला. त्या प्रकाराने एकही माणूस मागे फिरला नाही. उलट व्यवस्थापक म्हणाला म्हणे, की लोकांना 'कम्युनिटी फीलिंग' फार आवडलं. नवऱ्याला समितीकडून लेखी समज मिळाली, मंचाचा गैरवापर केल्याबद्दल. त्याने ती वाचली, घडी घातली आणि खिडकीची फट वाजायची तिथं खोचून दिली.

नंतर काही रहिवाशांच्या मनात भीती शिरली. माणूस इथं मरू शकतो, हे त्यांना त्या रविवारी पहिल्यांदा समजलं होतं. त्यांनी मागणी केली, आपल्या नगरीला स्वतःची स्मशानभूमी हवी. सभा बोलावली गेली आणि मुंबईचा तो नगररचनाकार पुन्हा आला. शर्ट तोच, किंवा तसाच दुसरा. पडद्यावर त्याने एक बाग दाखवली. फुलं, पाण्याचा ओहोळ, सायकलवरचं एक कुटुंब. तिचं नाव 'मेमरी पार्क'.

"सुंदर आहे," अध्यक्ष म्हणाले. "जागा?"

हिरवा ठिपका तलावाकाठी थांबला. लगेच तलावाकडच्या इमारतीतले लोक उठले, "आमच्या खिडकीतून दिसेल." ठिपका शाळेमागे गेला. मुलांचे आईबाप उठले. ठिपका मागच्या फाटकाकडे गेला. दुसऱ्या टप्प्याचे लोक उठले, "तो आमचा मुख्य रस्ता होणार आहे, तसं ब्रोशरमध्ये आहे." स्मशान सगळ्यांना हवं होतं आणि कुणालाच नको होतं. कोणी धूर म्हणालं, कोणी वास्तू म्हणालं, एकाने भुतंही काढली. तो कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर होता. ठिपका झेंडूच्या मळ्याच्या दिशेने सरकत सरकत शेवटी नकाशाच्या कडेबाहेर गेला आणि हॉलच्या पडद्यावर, एका चुणीत, थरथरत राहिला.

"इथे असेल तर कुणाची हरकत?" रचनाकाराने विचारलं.

कुणाचीच नव्हती. ठराव एकमताने मंजूर झाला. पुढचा विषय फाटकाच्या रंगाचा होता.

नवरा माझ्या बाजूला बसला होता. तो कधीही सभेतून मध्येच उठत नाही. शेवटपर्यंत बसतो, आभाराच्या भाषणालाही टाळ्या वाजवतो. त्या दिवशी तो उठला. "चल," म्हणाला, "आज बाहेरच मिसळ खाऊ."

बाहेर पडल्यावर त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "बोल ना. काहीतरी बोल. त्यांच्याबद्दल."

मी तोंड उघडलं. मग जी सुरू झाले, ती गंगापूर रोडला मिसळीचं ताट समोर येईपर्यंत थांबले नाही. तो ऐकत होता, चांगला कान माझ्याकडे करून, आणि मध्ये मध्ये, अगदी चुकत-माकत, स्वतःचंही एखादं वाक्य घालत होता.